दिलेलं बियाणं परत करा, सोडलेलं काम पूर्ण करा

प्रति,
आमच्या शेतांवर गव्हाच्या वाणांचे प्रयोग करणाऱ्या संशोधन संस्थेचे संचालक आणि शास्त्रज्ञ,
तसेच इंदूर विभागात शेती-संशोधनाचा पैसा कशावर खर्च व्हावा हे ठरवणारे सर्व अधिकारी

सादर नमस्कार.

नवरात्र संपता संपता आमच्या गावातल्या सोसायटीच्या भिंतीवर एक कागद लागला. यंदाच्या रबीपासून गावात 'प्रदर्शन प्लॉट' होतील, त्यांत संस्थेनं निवडलेलं एकच वाण पेरलं जाईल, बियाणं संस्था देईल, आणि शेतकऱ्यांनी आपलं घरचं बियाणं त्या प्लॉटमध्ये पेरू नये. खाली सही आणि शिक्का. मजकूर चार ओळींचा. बावीस घरांनी मिळून दोन वर्षं जे काम केलं ते या चार ओळींत संपलं, आणि ते संपल्याचं तोंडी सांगायलाही कुणी आलं नाही.

याआधी मी तुम्हाला तीन पत्रं रजिस्टर पोस्टानं पाठवली. एकाची पोच आली, उत्तर एकाचंही नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. संस्थेचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना पहिल्याच ओळीत कळलं असेल, आणि एका संस्थेची बदनामी करून माझ्या शेजाऱ्यांना त्यांचं बियाणं मिळणार नाही.

मराठीत लिहायचं कारणही सांगते. इंदूर, देवास, धार इथल्या कितीतरी मराठी घरांची आसपासच्या गावांत अजून चार-सहा बिघे जमीन आहे. राहणं रामबागेत नाहीतर लोकमान्य नगरात, जमीन बटाईनं दिलेली. वर्षाचा गहू घरी येतो, चाळून-निवडून डब्यांत भरला जातो, आणि शेताशी संबंध तेवढ्यापुरता राहतो. त्या घरांनीही हे वाचावं असं मला फार वाटतं. ज्यांच्या वतीनं मी लिहिते आहे त्यांना हा मजकूर मालवीत वाचून दाखवला आहे. त्यांनी दोन जागी मला दुरुस्त केलं, ते बदल मी केले आहेत.

मी निवृत्त शिक्षिका. 31 वर्षं मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. सांवेर तहसिलीत आमची सात बिघे जमीन आहे, म्हणजे सरकारी भाषेत मी 'लघु कृषक'. यजमान गेल्यानंतर बटाई मोडली आणि शेत स्वतः करायला घेतलं, त्याला बारा वर्षं झाली. अर्धा बिघा मी कायम सासूबाईंच्या गव्हासाठी ठेवत आले आहे. उंच वाढणारा, काळ्या कुसळांचा, काचेसारख्या पिवळसर दाण्याचा काठिया (ड्युरम) गहू. मंडीत त्याला वेगळा भाव मिळत नाही. तो घरच्या शेवयांचा, कुरडयांचा, रव्याचा आणि बाफल्यांचा, म्हणजे उकळून मग भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा गहू. दोन पाण्यांवर येतो, आणि राखेत घोळून कणगीत ठेवला की पुढच्या पेरणीपर्यंत तसाच राहतो.

2021 च्या पावसाळ्यात तुमचे तीन शास्त्रज्ञ गावात आले. तोपर्यंत शेतीखात्याचं कुणीही आलं की काय पेरावं, किती खत घालावं, कोणतं औषध मारावं हे सांगून जात असे. या तिघांनी चौपालावर बसून विचारलं, "तुमच्याकडे जुनं काय शिल्लक आहे?" एवढ्या एका प्रश्नावर गाव बोलतं झालं. कुणी माळ्यावरून गाडगं काढलं, कुणी नळीच्या भोपळ्यात ठेवलेलं मूठभर बी आणलं. ज्या घरांत काहीच उरलं नव्हतं त्यांनी माहेरी, सासरी निरोप धाडले. पंधरा दिवसांत गव्हाची अकरा जुनी वाणं जमली. त्यातली काही बहुधा एकच असतील, दोन घरांत दोन नावं पडलेली. तेही पेरून बघितल्यावर कळणार होतं.

काम असं ठरलं होतं. आमची जुनी आणि तुमची नवी वाणं शेजारी-शेजारी पट्ट्यांत पेरायची. पट्ट्याला फक्त अंक द्यायचा, नाव नाही, म्हणजे कुणाचा ओढा आपल्या वाणाकडे जाणार नाही. तीन रबी हंगाम हे चालवायचं आणि गुण शेतकऱ्यांनी द्यायचे.

तुमच्या तक्त्यात आठ रकाने होते. उंची, फुटवे, फुलोऱ्याचा दिवस, ओंबीची लांबी, तांबेरा (बुरशीचा रोग), लोळणं (पीक आडवं पडणं), हजार दाण्यांचं वजन, उत्पादन. बायकांनी तो तक्ता वाचून घेतला आणि म्हणाल्या, यात गहू खाल्ला कुठे जातोय? मग आणखी सहा रकाने झाले. सकाळची पोळी संध्याकाळी मऊ राहते का. कुरडईला चीक किती निघतो. बाफला उकळताना फुटतो का. भुसा म्हैस आवडीनं खाते की गव्हाणीत टाकून देते. कापताना कुसळ हाताला किती टोचतं. आषाढापर्यंत कणगीत किडा लागतो का. तुमच्यातल्या एका तरुण शास्त्रज्ञ मुलीनं मांडीवर वही ठेवून पट्टीनं ते सहा रकाने आखले. आयुष्यभर मी मुलींना सांगत आले की निरीक्षण ही विज्ञानाची पहिली पायरी. कधीही शाळेत न गेलेल्या बायका इतकं नेमकं निरीक्षण करताहेत आणि एक शास्त्रज्ञ ते लिहून घेते आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला भरून आलं होतं.

नंतरचे दोन्ही हंगाम विचित्र गेले. 2022 चा मार्च हा 1901 पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. दाण्यात दूध भरायच्या वेळीच ऊन तापलं. देशभर गव्हाला फटका बसला आणि 13 मे रोजी केंद्र सरकारनं गव्हाची निर्यात थांबवली. आमच्या पट्ट्यांत काही नव्या वाणांचा दाणा सुरकुतला, काहींचा छान टिकला. जुन्यांतही तसंच. दुसऱ्या वर्षी, 2023 च्या मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारा. उंच गहू सगळा लोळला. माझा, म्हणजे सासूबाईंचा, तर पार जमिनीला टेकला. मी त्याला लोळण्याच्या रकान्यात शून्य दिला. तो पट्टा माझा आहे हे मला अंकावरून नव्हे, कुसळांवरून ओळखता येत होतं, तरी शून्यच दिला.

एक वर्ष उष्णतेचं, एक गारांचं. यावरून काही ठरवता येत नाही, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. म्हणूनच तिसरं वर्ष महत्त्वाचं होतं. बावीस घरांनी जमीन राखून ठेवली, पाळी देऊन ठेवली. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. कुणी आलं नाही. फोन केल्यावर कळलं की प्रकल्पाचा निधी संपला आणि त्या मुलीचं कंत्राटही संपलं.

आता तक्रारी. पहिली सगळ्यांत मोठी आहे, कारण ती एका माणसाची आहे.

आमच्या शेजारी एक वृद्ध शेतकरी आहेत. सगळं गाव त्यांना दासाब म्हणतं. त्यांच्याकडे पिस्सी गहू होता, मऊ दाण्याचा, पांढऱ्या पोळीचा. एकेकाळी या भागात घरोघरी असायचा, पण आमच्या गावात तो फक्त त्यांच्याकडे उरला होता, तोही सव्वा किलो. त्यांनी तो सगळा दिला. मी म्हटलं, अर्धा ठेवा. ते म्हणाले, "सरकार वाढवून देणार आहे, मी म्हातारा कुठवर सांभाळू?" दुसऱ्या हंगामानंतर पट्ट्यांतलं सगळं धान्य वजनासाठी पोत्यांत भरून तुम्ही नेलं, त्यात त्यांचंही गेलं. तिसऱ्या वर्षी पेरणीला त्यांनी आपलं बियाणं मागितलं. तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की नमुना पुढे पाठवला आहे, हवा असेल तर ठरलेल्या फॉर्मवर अर्ज करा. तो फॉर्म इंग्रजीत होता. मी भरून दिला. अर्जाचं काय झालं हे आजपर्यंत कळलेलं नाही. दासाब आता काही म्हणत नाहीत. रस्त्यात भेटले की माझ्याकडे फक्त बघतात, कारण त्या बैठकीत 'द्या, विश्वासाची माणसं आहेत' असं मीच म्हणाले होते.

जनुक पेढीबद्दल, म्हणजे वाणांचं बी थंडीत जपून ठेवणाऱ्या साठ्याबद्दल, माझ्या मनात आदर आहे. दिल्लीतल्या राष्ट्रीय पेढीत चार लाखांहून जास्त नमुने उणे 18 अंशांवर जपलेले आहेत आणि ते फार मोलाचं काम आहे. आमच्या गावातलं गाडगं फुटलं, घर जळलं, वारस शहरात गेला, तरी तिथलं बी राहील. पण थंडीत ठेवलेलं बी झोपलेलं असतं. 2022 चं ऊन त्यानं पाहिलेलं नाही, 2023 च्या गारा खाल्लेल्या नाहीत. शेतात दरवर्षी पेरलं जाणारं बी त्या त्या वर्षाला तोंड देत थोडं थोडं बदलत जातं. वर्गात मी याला निवड म्हणून शिकवत असे. दोन्ही जागा हव्यात, पेढीही आणि शेतही. आमची जागा मात्र तुम्ही रिकामी केली.

दुसरी तक्रार निकालांची. चौदा रकाने, दोन हंगाम, बावीस घरं. एवढे कागद तुमच्याकडे आहेत आणि आम्हाला आमच्याच गुणांची बेरीज माहीत नाही. चार नंबरच्या पट्ट्याची पोळी सगळ्यांना आवडली होती, ते कोणतं वाण? सात नंबरचा भुसा म्हशींनी सोडला नव्हता, ते तुमचं की आमचं? एका परिसंवादातल्या फलकावर आमच्या पट्ट्यांचा फोटो होता, असं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं पाहून मला कळवलं. खाली लिहिलं होतं 'शेतकऱ्याचे शेत'. गावाचं नाव नाही. निरीक्षणं देणाऱ्या बायकांचा उल्लेख नाही.

तिसरी तक्रार त्या चार ओळींच्या कागदाची, म्हणजे 'एकच वाण' या निर्णयाची. यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण एकाच वाणानं काय होतं ते माळव्यानं सोयाबीनमध्ये भोगलं आहे.

माझ्या लग्नाच्या वेळी, 1982 साली, आमच्या शेतात खरिपाला ज्वारी, तूर, मूग, उडीद, थोडी भुईमूग आणि बांधावर तीळ असे. त्याआधी तर बरीचशी काळी जमीन पावसाळ्यात पडीकच ठेवत आणि त्या ओलीवर रबीचा गहू-हरभरा घेत. सोयाबीन आलं आणि पडीक जमिनीतून पैसा येऊ लागला. त्या पैशानं आमच्या गावात पक्की घरं झाली, मुलं कॉलेजात गेली. हे शास्त्रज्ञांचं ऋण आहे आणि मी ते मानते. पण हळूहळू बांधापासून बांधापर्यंत सोयाबीनच उरलं, आणि सोयाबीनमध्येही आधी सगळीकडे जेएस 335, मग सगळीकडे जेएस 95-60. एका दिवशी पेरलं, एका दिवशी फुललं, आणि पांढऱ्या माशीनं पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग आणला तेव्हा एकाच वेळी पिवळं पडलं. 2020 च्या ऑगस्टमध्ये सात बिघ्यांतून मला बियाण्याचे पैसेही सुटले नाहीत. उभ्या पिकात गुरं सोडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेच चित्र होतं. शेजाऱ्याकडून पुढच्या वर्षाचं बी मागावं तर त्याचंही तेच वाण, तसंच गेलेलं.

याच मध्य भारतात बारीक, काळ्या दाण्याचं 'कालीतूर' नावाचं देशी सोयाबीन होतं. त्याचं बी साठवणीत चांगलं टिकतं, उगवण लवकर उतरत नाही. आज नव्या सोयाबीनच्या बियाण्याची उगवण हीच दर ज्येष्ठातली आमची सगळ्यांत मोठी काळजी असते. कालीतूर माझ्या सासऱ्यांनी लावलेली होती. मी ती शेतात उभी पाहिलेली नाही.

गव्हाचं असं होऊ नये एवढंच आमचं म्हणणं आहे.

कुणी म्हणेल, बाई जुन्याच्या प्रेमात पडल्या आहेत. तसं नाही. 1946-47 च्या हंगामात मध्य भारतातला गहू खोडावरच्या तांबेऱ्यानं बुडाला, तेव्हा शेतांत सगळी जुनीच वाणं होती. तांबेऱ्याला तोंड देणारे गहू शास्त्रज्ञांनी दिले, शेतकऱ्यांच्या गाडग्यांतून ते आपोआप निघाले नाहीत. इंदुरात तयार झालेले मालवशक्ती, पोषण, पूसा तेजस हे काठिया गहू मला माहीत आहेत. पूसा तेजस मी स्वतः चार बिघ्यांत लावते आणि त्याच्या पैशावर माझं घर चालतं. शास्त्रज्ञांशिवाय आमचं भागत नाही, म्हणून तर तुम्ही तिसऱ्या वर्षी आला नाहीत याचा इतका त्रास झाला.

आणि हे काम इंदूरला नवं आहे का? 1924 साली याच शहरात होळकर दरबारनं दिलेल्या जमिनीवर वनस्पती संशोधन संस्था उभी राहिली आणि इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हावर्ड तिचे संचालक झाले. हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यांना आपण आपले शिक्षक मानलं, असं त्या माणसानं पुढे उघडपणे लिहिलं. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, वरखाली करत सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत तिथे बसवली गेली. कपाशीच्या टणक पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून ठेवायच्या, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली त्या चुरडल्या जातात, इतका साधा विचार त्यात होता. 1931 मध्ये या पद्धतीवर हावर्ड यांच्याबरोबर पुस्तक लिहिणारे यशवंत वाड आपलेच मराठी रसायनशास्त्रज्ञ. 1935 मध्ये महात्मा गांधी इंदुरात आले तेव्हा हे खताचं काम बघायला गेले होते. 'इंदूर पद्धत' हे नाव जगभर गेलं. इंदुरातल्या किती मराठी मुलांना यशवंत वाड हे नाव माहीत आहे? मलाही ते शिकवायला लागल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं.

जवळचं उदाहरण झाबुआचं. 1990 च्या दशकात झाबुआ, बांसवाडा आणि तेव्हाचा पंचमहाल या कोरडवाहू जिल्ह्यांत शास्त्रज्ञांनी आदिवासी शेतकऱ्यांसमोर भाताची वेगवेगळी वाणं ठेवली आणि निवड त्यांच्यावर सोपवली. त्यांनी लवकर येणारं 'कलिंग-3' उचललं. त्यांच्या राज्यांच्या शिफारशीच्या यादीत ते नव्हतंच. यादी करणारे हुशार होते, पण डोंगरउतारावरच्या पातळ मातीत पाऊस कधी जातो हे तिथं पेरणाऱ्याला ठाऊक होतं. इथिओपियात तर काठिया गव्हाचीच सुमारे 400 वाणं शेतकरी बाया-पुरुषांसमोर पेरली गेली, त्यांनी गुण दिले, आणि शास्त्रज्ञांनी ते गुण त्या वाणांच्या जनुकीय माहितीशी ताडून पाहिले. शेतकऱ्याच्या डोळ्याला जे दिसतं ते मोजता येतं आणि पैदाशीत वापरता येतं, हे त्यातून पुढे आलं. बिहारमध्ये शेतकऱ्यांना नाव नसलेल्या तीन-तीन वाणांच्या पुड्या देऊन फक्त एवढंच विचारलं गेलं, यातलं सगळ्यांत चांगलं कोणतं, सगळ्यांत वाईट कोणतं. याला मोठा निधी लागत नाही, नेमानं परत येणारा माणूस लागतो.

चौथी तक्रार एका ओळीची. दोन वर्षं आम्ही जमीन, पाणी, मजुरी दिली, त्याचा एक पैसा मागितला नाही आणि आजही मागत नाही, पण ते शेत तुम्हाला भाड्यानं दिलेलं नव्हतं, त्या कामात आम्ही भागीदार होतो.

तुमच्या अडचणी मला समजत नाहीत असं नाही. प्रकल्प तीन वर्षांचा, पैसा त्याआधीच आटतो. शास्त्रज्ञाची बढती शोधनिबंधांवर, दासाबचं बियाणं वाढवून परत केलं याला कुठेच गुण नाहीत. तरुण माणसं अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. ज्या मुलीनं आमचे सहा रकाने आखले तिला गावाचा निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही, तिनं मला नंतर रडत फोन केला. म्हणूनच हे पत्र फक्त संस्थेला नाही, पैसा ठरवणाऱ्यांनाही आहे. पेरणीचं कॅलेंडर मंजुरीच्या फायलीला थांबत नाही.

कायदाही तुम्हाला माहीत असेल. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम 39 नं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आमचा हक्क मान्य केला आहे. शेतकऱ्याचं वाण त्याच्या नावानं नोंदवता येतं. कलम 40 सांगतं की नव्या वाणाची नोंदणी करणाऱ्यानं ग्रामीण किंवा आदिवासी कुटुंबांनी जपलेलं बियाणं वापरलं असेल तर ते उघड करावं. सतना जिल्ह्यातल्या बाबूलाल दहियांना 2019 मध्ये आणि अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंना 2020 मध्ये देशानं पद्मश्री दिली, ती देशी बियाणं जपण्यासाठीच. तेच काम आमच्या गावातली बावीस घरं करत होती आणि त्यांना भिंतीवरून कळवलं जातं की आपलं बियाणं पेरू नका.

आमच्या मागण्या अशा आहेत.

सगळ्यांत आधी बियाणं. ज्या ज्या घरानं जे वाण दिलं ते त्याला परत मिळावं, किमान दिलं तेवढं. संस्थेकडे साठा नसेल तर जिथे पाठवलं तिथून संस्थेनं स्वतः मागवून, वाढवून द्यावं. अर्ज शेतकऱ्याला करायला लावू नये. दासाबचं पिस्सी पहिल्यांदा.

दोन्ही हंगामांचे सगळे निकाल, आमच्या सहा रकान्यांसकट, हिंदीत छापून द्यावेत आणि चौपालावर येऊन वाचून दाखवावेत. निकाल आमच्या वाणांच्या विरुद्ध गेला तरी आम्हाला तो ऐकायचा आहे. माझा गहू लोळतो, हे मीच लिहून दिलं आहे. उंची कमी करून दाण्याचा गुण राखता येईल का, हे मात्र तुम्हीच सांगू शकता.

तिसरा हंगाम यंदाच घ्यावा. 'प्रदर्शन प्लॉट' ठेवायचेच असतील तर ठेवा, तुमचं निवडलेलं वाण त्यात जरूर पेरा, पण शेजारी आमचे पट्टे राहू देत आणि घरचं बियाणं पेरण्याची मनाई मागे घ्या.

या अकरांतली जी वाणं खरोखर वेगळी निघतील ती 2001 च्या कायद्याखाली गावाच्या, शेतकऱ्यांच्या नावानं नोंदवण्यासाठी लागणारी तांत्रिक मदत संस्थेनं करावी. आम्हाला वेगळेपणा, एकसारखेपणा, स्थिरता यांची कागदपत्रं करता येणार नाहीत. तुमच्यासाठी ते रोजचं काम आहे.

आणि पुढच्या कुठल्याही प्रयोगात, कोणती वाणं घ्यायची आणि काय मोजायचं हे ठरवणाऱ्या बैठकीत गावच्या किमान दोन बायका असाव्यात. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तो द्यावा.

अधिकारी महोदयांना वेगळी विनंती : शेतकऱ्यांच्या शेतावरच्या कुठल्याही प्रयोगाला मंजुरी देताना बियाणं परत करण्याचा आणि निकाल सांगायला पुन्हा गावात जाण्याचा खर्च पहिल्याच कागदात धरा. तो न धरता मंजुरी देऊ नका.

पेरणीला अजून अवधी आहे. आमच्याकडे काठिया 15 नोव्हेंबरपर्यंत चांगला साधतो. बावीसपैकी नऊ घरांनी आपापल्या शेतात चार-चार पट्टे पलेवा (पेरणीआधीचं पाणी) करून, वाफशावर आणून मोकळे ठेवले आहेत. माझ्याही शेतात ठेवले आहेत. पट्ट्यांच्या जुन्या खुंट्या मी गोठ्यात जपून ठेवल्या होत्या, त्या काल पुन्हा ठोकल्या. चार आणि सात नंबरच्या सापडल्या, अकरा नंबरची तुटली आहे. तिच्या जागी लाकडी फळी लावून अंक रंगवला आहे. येताना फक्त बियाणं आणा, बाकी सगळं तयार आहे.

आपली,
सात बिघ्यांची एक शेतकरी आणि निवृत्त शिक्षिका, इंदूर
बावीस घरांच्या वतीनं